अगर-अगरची कोरडी पूड आधी बंद करा, मग जेलीचं बघू

प्रश्न : आम्ही घरात सगळे शाकाहारी. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात हे कळल्यावर मी ते बंद केलं आणि समुद्री शेवाळापासून केलेली अगर-अगरची पूड आणली. पाकिटावर 'जिलेटिनला पर्याय' असं लिहिलंय, म्हणून जिलेटिनच्याच पाककृती घेऊन तेवढ्याच चमच्यांनी करून पाहिलं. संत्र्याच्या रसाची जेली रबरासारखी झाली. लिंबाची तर धरलीच नाही. दह्याच्या पुडिंगमध्ये बारीक कण आले आणि उरलेल्या जेलीला दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. ते बर्फ होईल म्हणून फ्रीझरमध्ये ठेवली, तर आणखीच वाट लागली. मुलीसाठी मार्शमॅलो करायला गेले, त्याचा नुसता चिकट पाक झाला. दुसरं असं की, अगरमध्ये भरपूर कॅल्शियम आणि लोह असतं, गुडघ्यांना चांगलं, असं कुणीतरी सांगितल्यापासून सासरे रोज सकाळी चमचाभर पूड तोंडात टाकून वर घोटभर पाणी पितात. त्यांचं वय त्र्याहत्तर, कवळी आहे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. मुलगी चार वर्षांची. हे आम्हाला चालेल का? आणि पदार्थ का बिघडतात?

उत्तर : ताई, पदार्थांचं नंतर बोलू. सासऱ्यांची सकाळची पूड आजच बंद करा.

अगर-अगरची कोरडी पूड पाणी शोषून घेते आणि फुगते. ही फुगण्याची क्रिया पोटात झाली तर फारसं बिघडत नाही, पण घोटभर पाण्यासोबत ती घशात किंवा अन्ननलिकेत चिकटली तर तिथेच फुगून वाट अडवू शकते. म्हातारपणी गिळण्याची ताकद कमी होते, तोंडाला कोरड असते आणि कवळीमुळे घास नीट जाणवत नाही. त्यामुळे त्यांना हा धोका आपल्यापेक्षा जास्त आहे. अमेरिकेत पाण्यात फुगणाऱ्या डिंकांपासून केलेल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांवर 'पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घसा किंवा अन्ननलिका अडू शकते' असा इशारा छापावाच लागतो, आणि त्या डिंकांच्या यादीत अगरचंही नाव आहे. जेवताना त्यांना ठसका लागतो का, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो का, हेही एकदा विचारा. उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर घरची जेलीसुद्धा त्यांना देऊ नका.

नुसतं 'बंद करा' म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, कारण ते गुडघ्यांसाठी काहीतरी करतायत. म्हणून या पुडीने गुडघ्यांना काय मिळतं ते त्यांच्यासोबत बसून बघा. गुडघ्यांची ही गोष्ट आली जिलेटिनवरून. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं कोलॅजन शिजवून काढलेलं प्रथिन. त्याचा सांध्यांना कितपत उपयोग होतो हा वेगळा वाद, पण निदान ते प्रथिन तरी आहे. तेही अपुरं, कारण ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतं. अगर ही लाल शेवाळातून, मुख्यतः जेलिडियम आणि ग्रासिलेरिया या जातींमधून काढलेली साखरेच्या रेणूंची लांब साखळी आहे. त्यात कोलॅजनचा अंशही नाही. दोन्हींनी जेली धरते, एवढंच त्यांच्यातलं साम्य. एकीचे गुण दुसरीला चिकटवले गेले आणि तुमच्या घरापर्यंत येऊन पोचले.

कॅल्शियम आणि लोहाचं मात्र निव्वळ खोटं नाही, म्हणूनच ते जास्त फसवतं. १०० ग्रॅम कोरड्या अगरमध्ये साधारण ६२५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २१ मिलिग्रॅम लोह असतं. आकडे वाचून कोणीही हरखून जाईल. पण १०० ग्रॅम अगर कोण खातं? एका सपाट चहाच्या चमच्यात पूड मावते २ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सासऱ्यांना रोज मिळतं साडेबारा मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अर्धा मिलिग्रॅमही नाही एवढं लोह. एका कपभर दुधात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढं अगरमधून मिळवायला चोवीस चमचे लागतील. जेलीच्या एका वाटीत तर अगर अर्ध्या ते एक ग्रॅमच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे हा हिशेबच करायला नको. खाद्यपदार्थाच्या १०० ग्रॅमचे आकडे वाचताना तो पदार्थ आपण एका वेळी किती खातो ते आधी पाहायचं, ही सवय सगळ्यांनीच लावून घेण्यासारखी आहे. शेवाळ, बिया, मसाले, वाळवलेली पानं, या सगळ्यांच्या जाहिराती याच एका युक्तीवर चालतात.

मग अगरमध्ये पोषण म्हणून आहे काय? तंतू. आपल्या पोटातली पाचकद्रव्यं ही साखळी तोडू शकत नाहीत, त्यामुळे अगर जवळजवळ तसंच पुढे आतड्यात जातं, सोबत पाणी धरून ठेवतं आणि पोट भरल्यासारखं वाटायला मदत करतं. उष्मांक जवळपास नाहीतच. २००५ मध्ये जपानमध्ये लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेह असलेल्या, तसंच मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक अभ्यास झाला होता. ७६ जणांपैकी काहींना पारंपरिक जपानी जेवणाच्या जोडीला अगर दिलं आणि काहींना नुसतं ते जेवण. बारा आठवड्यांनी अगर घेणाऱ्यांचं वजन थोडं अधिक उतरलं. चांगली गोष्ट आहे, पण लक्षात घ्या, तिथे अगर शिजवून, पाण्याने भरलेली जेली करून दिलं होतं, आणि जेवणही मोजूनमापून होतं. कोरड्या पुडीचा चमचा हा त्या प्रयोगाचा भाग नव्हता. शिवाय दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हवे असतात. जेलीच्या वाटीतून त्यातला एक ग्रॅमही येत नाही. तो वाटा भाज्या, फळं, डाळी आणि अख्ख्या धान्यांनीच उचलायचा आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर अगरकडे पोषण म्हणून बघूच नका. ते पाणी, दूध, रस, दही यांना आकार देतं, आणि पोषण त्या आकारात जे भरलंय त्याचं असतं. साखर-रंगाच्या पाण्याची जेली अगरने धरली म्हणून पौष्टिक होत नाही. दही किंवा दूध धरलं तर सासऱ्यांना खरोखरचं कॅल्शियम आणि प्रथिन मिळतं. त्यांना तेच सांगा. सकाळच्या चमच्याऐवजी रोज वाटीभर मऊ दुधाचं पुडिंग, अगर त्यातही आहेच. गिळण्याची तक्रार नसेल तर यात त्यांचंही मन राहील.

आता तुमची थायरॉइडची गोळी. शेवाळ म्हटलं की आयोडीन आठवतं आणि ती शंका रास्तच आहे. तपकिरी शेवाळांच्या काही जातींत, विशेषतः केल्पमध्ये, आयोडीन भरमसाट असतं. लाल शेवाळात ते पुष्कळ कमी असतं आणि अगर काढताना ते धुऊन, उकळून, गाळून घेतात. त्यातून वाटीभर जेलीत एक ग्रॅमपेक्षा कमी अगर जातं. त्यामुळे अधूनमधून खायला सहसा हरकत नसते. तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी रिकाम्या पोटी घेऊन अर्धा-एक तास थांबण्याचा नियम तुम्ही पाळत असालच. तंतू औषधाच्या शोषणात आडवे येऊ शकतात, म्हणून त्या वेळेला पुडिंग नको. एक प्रसंग मात्र ठाम वेगळा आहे : कुणाला थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीनचे उपचार घ्यायचे असतील, तर त्याआधीच्या कमी-आयोडीन आहारात अगर आणि कॅरॅगीनन (हाही शेवाळापासूनचाच, जेली धरणारा पदार्थ) दोन्ही वर्ज्य सांगतात.

झालं, आता स्वयंपाकघरात येऊ.

तुमचे सगळे पदार्थ एकाच कारणाने बिघडले. पाकिटावरच्या 'पर्याय' या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही अगरला जिलेटिनसारखं वागवलंत. त्याचा स्वभाव निराळा आहे, आणि तो समजून घ्यायला एक खरी हकीकत फार उपयोगी पडते. १८८१ साली वॉल्टर हेसे नावाचे जर्मन डॉक्टर जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जंतू वाढवायला ते जिलेटिनचे थर वापरत. उन्हाळ्यात ते थर वितळायचे, आणि काही जंतू तर जिलेटिनच खाऊन त्याचं पाणी करायचे. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंगं अगरने करत. जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून त्यांना ते कळलं होतं. त्यांनी सुचवलं, अगर वापरून बघा. तेव्हापासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. स्वयंपाकघरातल्या एका बाईच्या अनुभवाने सूक्ष्मजीवशास्त्राची एवढी मोठी अडचण सुटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

या हकीकतीतच तुमची उत्तरं आहेत. जिलेटिन शरीराच्या तापमानाच्या आतच वितळतं. म्हणूनच जिलेटिनची जेली जिभेवर ठेवली की विरघळते, आणि ती धरायला फ्रीज लागतो. अगर साधारण ३२ ते ४० अंश सेल्सिअसला धरतं, म्हणजे ओट्यावर ठेवलं तरी तासाभरात घट्ट होतं. एकदा धरलं की ८५ अंशांच्या आसपास नेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. तोंडात ते विरघळत नाही, दाताखाली तुटतं. म्हणून जिलेटिनच्या मापाने घातलेलं अगर खाताना रबर वाटतं. जिलेटिनच्या मानाने अगर खूपच कमी पुरतं. अर्धा लिटर द्रवाला जिलेटिन सातेक ग्रॅम लागतं. तेवढ्याच द्रवाला अगरची पूड २ ग्रॅम घातली तर चमच्याने खाता येईल असं मऊ होतं आणि ४ ग्रॅममध्ये सुरीने वड्या पडतात. त्यापुढे गेलात की खाणाऱ्याचं तोंड दुखणार. पुडीऐवजी पापुद्रे आणलेत तर चमच्याच्या मापाने तिप्पट घ्यायचे, एक चहाचा चमचा पूड म्हणजे तीन चहाचे चमचे पापुद्रे. चायना ग्रास म्हणून लांब दोऱ्या मिळतात, त्या वजनावरच घ्या : दहा ग्रॅममध्ये लिटरभर द्रव होतो.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुडीची ताकद सारखी नसते, त्यामुळे कुणाचंही माप, माझंसुद्धा, डोळे मिटून घेऊ नका. एक छोटी बशी फ्रीजमध्ये थंड करून ठेवा. मिश्रण उकळून झालं की चमचाभर त्या बशीवर घाला. मिनिट-दोन मिनिटांत ते धरतं. बोटाने ढकलून बघा, चावून बघा. फार घट्ट असेल तर पातेल्यात आणखी रस किंवा दूध घाला, फार मऊ असेल तर थोडी पूड थंड पाण्यात कालवून घाला आणि परत उकळा. अगरचं हे एक फार मोठं सुख आहे : सगळं धरून झाल्यावर जरी चूक कळली, तरी तुकडे करून पुन्हा पातेल्यात टाका, थोडं पाणी घालून उकळा, आणि पुन्हा ओता. तुमची ती संत्र्याची जेली अजून फेकली नसेल तर तिच्यात तेवढाच रस आणखी घालता येईल.

विरघळवणं नीट झालं पाहिजे. पूड गरम द्रवात भुरभुरली तर गुठळ्या होतात. थंड पाण्यात कालवा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. नुसतं गरम झालं म्हणजे झालं असं नाही. चमचा बुडवून उलटा धरा, पाठीवर एकही पारदर्शक दाणा दिसता कामा नये. साखर याच्यानंतर घाला, कारण आधी घातली तर पाणी साखरच ओढून घेते आणि अगर अर्धवट राहतं. दोऱ्या असतील तर अर्धा तास थंड पाण्यात भिजवून, पिळून, बेताच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि गाळून मग दुधात मिसळा. दुधात त्या थेट टाकल्या तर विरघळायला इतका वेळ लागतो की दूध तळाला लागतं.

लिंबाची जेली धरली नाही कारण तुम्ही अगर लिंबाच्या रसातच उकळलंत, असा माझा अंदाज आहे. आंबट द्रवात उकळलं की ती लांब साखळी तुटते आणि तुटलेल्या तुकड्यांना पाणी धरता येत नाही. लिंबू, संत्रं, कैरी, आंबट बेरी, कुठलंही असो, अगर साध्या पाण्यात उकळा, साखर विरघळवा, गॅस बंद करा आणि मग रस घाला. रस फ्रीजमधला नको, बाहेर काढून ठेवलेला हवा. लिंबासारख्या फार आंबट रसाला पूडही दीडपट घ्या.

आणि अननस, किवी, पपई, अंजीर या फळांच्या बाबतीत अगर जिलेटिनला कितीतरी मागे टाकतं. या ताज्या फळांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. ती जिलेटिन तोडतात, त्यामुळे कच्च्या अननसाची जेली जिलेटिनने धरतच नाही. अगर प्रथिन नसल्यामुळे त्यांचं काही चालत नाही. फक्त या फळांसोबत दूध किंवा दही असेल तर सांभाळा, कारण ती द्रव्यं दुधाची प्रथिनं तोडतात आणि पुडिंग कडू होतं. तिथे फळ आधी शिजवून घ्या.

दह्यातल्या कणांचं गणित सरळ आहे. समजा तुम्ही १०० मिलिलिटर पाण्यात अगर उकळलंत, ते साधारण ९० अंश. ते ओतलंत फ्रीजमधून काढलेल्या ४०० मिलिलिटर दह्यात, जे ५ अंशांवर. दोन्ही मिळून तापमान येतं २२ अंश. अगर तर ३२ ते ४० अंशांच्या दरम्यानच धरतं, म्हणजे तुम्ही ढवळायच्या आत ते दह्याला लागता लागता कण होऊन बसलं. तेच दही भांड्यासकट कोमट पाण्यात ठेवून ४० अंशांपर्यंत आणलंत, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकं, तर मिश्रण ५० अंशांवर येतं आणि साच्यात ओतायला निवांत वेळ मिळतो. दही या उबेला फाटत नाही. अगर बारीक धारेने घाला आणि दुसऱ्या हाताने रवीने किंवा व्हिस्कने घुसळत राहा. क्रीम, नारळाचं दूध, फळांचा गर, सगळ्यांना हेच लागू.

कण आलेलं पुडिंगही फुकट जात नाही. मिक्सरमध्ये फिरवा. धरलेलं अगर फिरवलं की त्याचा मुलायम, दाट गर होतो, जो ओतल्यावर सरकतो आणि चमच्यात मात्र थांबतो. हॉटेलांतले आचारी हे मुद्दाम करतात. भाज्यांच्या सुपाला किंवा फळांच्या रसाला मैदा-कॉर्नफ्लोअरशिवाय दाटपणा आणायचा असला की आधी अगरने धरवतात आणि मग फिरवतात, म्हणजे पिठाची चव मध्ये येत नाही. सासऱ्यांच्या वाटीसाठी मला हीच रीत सगळ्यात आवडते. अर्धा लिटर दुधाला २ ग्रॅम पूड, गोडी त्यांच्या बेताने, धरलं की फिरवून घ्यायचं. चावायला काही उरत नाही आणि कवळीखाली तुकडेही अडकत नाहीत.

पाणी सुटणं हा अगरचा स्वभावदोष म्हणा. धरलेली जाळी हळूहळू आकसते आणि पाणी बाहेर ढकलते. पूड गरजेपुरती घ्या, साखर अगदीच शून्यावर आणू नका, झाकून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये कधीच नको. तिथे पाण्याचा बर्फ होतो, जाळी फाटते, आणि बाहेर काढलं की सगळं पाणी गळून स्पंज उरतो. खरं तर अगर टिकवण्याची कला यातूनच निघाली. जपानमध्ये सांगतात की १६५८ च्या सुमारास क्योटोजवळच्या फुशिमीत मिनो तारोझाएमोन नावाच्या खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली बाहेर टाकली. थंडीत ती रात्री गोठली, दिवसा वितळली, असं होत होत वाळून पांढरी हलकी पापडी झाली. ती उकळल्यावर पुन्हा जेली धरली, तीही आधीपेक्षा स्वच्छ. ते जपानी कांतेन. त्याचीच गोड घट्ट वडी म्हणजे योकान, लाल बीन्सच्या गराची. अगरला घट्टपणा शोभतो तो अशा पदार्थात, जिथे पातळ काप करून चहासोबत खायचा असतो.

कमी साखरेचा जॅम करून बघायचा असेल तर अगर हाताशी ठेवा. नेहमीच्या जॅममधलं पेक्टिन धरायला पुष्कळ साखर आणि आंबटपणा मागतं, अगरला साखर लागत नाही. फळ शिजवा, दुसरीकडे पाण्यात उकळलेलं अगर शेवटी मिसळा. मात्र साखर कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी. बरणी फ्रीजमध्ये आणि थोडाच करायचा.

बाजारातल्या तयार पाकिटांबद्दलही एक सांगते, शाकाहारी आहात म्हणून. 'जेली' म्हणजे अगर असं गृहीत धरू नका आणि 'व्हेज' म्हणजेही अगरच असं नाही. घटकांत ई ४०६ असेल तर अगर, ई ४०७ असेल तर कॅरॅगीनन, ई ४४० असेल तर पेक्टिन. तिन्ही वनस्पती किंवा शेवाळापासूनची, पण त्यांची मापं आणि रीती वेगवेगळ्या. त्या पाकिटावर जे लिहिलंय तेच पाळा, माझी अगरची मापं तिथे लावू नका.

राहिलं मार्शमॅलो. तिथे तुमच्या हाताचा दोष नाही. जिलेटिन प्रथिन असल्यामुळे घुसळलं की हवा धरून फेस करतं आणि थंड होताना तो फेस तसाच घट्ट होतो. अगरला फेस धरता येत नाही. शाकाहारी मार्शमॅलो करायचे तर फेस दुसऱ्या कशाचा तरी आणावा लागतो, बहुतेक जण काबुली चणे शिजवल्याचं दाट पाणी घुसळतात आणि त्यात अगर घालून उकळलेला साखरेचा पाक धारेने घालतात. जमतं, पण हात चपळ हवा, कारण अगर फेसात असतानाच धरायला लागतं. आणि झाल्यावर ते ओढल्यासारखे चिवट लागत नाहीत, मऊ आणि तुटक लागतात. मुलीला जुन्या मार्शमॅलोची आठवण असेल तर ती हिरमुसेल. मी तुमच्या जागी असते तर तिला हे न देता फळांच्या रसाचं मऊ जेली-पुडिंग केलं असतं, तिलाच साचे भरायला बसवलं असतं.

तिच्या बाबतीत एकच काळजी. अगरची जेली तोंडात वितळत नाही, हे इथे गंभीर होतं. घशात अडकलेला गुळगुळीत तुकडा स्वतःहून विरघळून वाट मोकळी करत नाही. तोंडात दाबून एका झटक्यात ओढून घ्यायच्या छोट्या कपांतल्या जेलीवर युरोपीय संघाने २००४ मध्ये बंदी घातली ती लहान मुलं गुदमरण्याच्या भीतीनेच, आणि त्या बंदीत अगरसह कितीतरी शेवाळी आणि वनस्पतिजन्य घटक आहेत. घरी तुम्ही गोल गोळ्या किंवा छोटे चौकोनी ठोकळे करू नका. २ ग्रॅमच्या मापाने मऊ धरवा, पसरट ताटलीत ओता, आणि वाटीत देऊन चमच्याने तोडून खायला लावा. खाताना ती बसलेली असावी आणि कुणीतरी जवळ असावं. पळता पळता हातात तुकडा देणं नको.